बिनवासाची कणीक

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो एका कपाटाच्या दारावर शेवटचा हात मारत होता. लाखेच्या पॉलिशचा शेवटचा हात म्हणजे एका दमात संपवायचं काम. मधे थांबलं की तिथे डाग उठतो आणि सगळं दार घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याचे हात कामाच्या वेळी फोन धरण्यासारखे नसत, म्हणून शेडमध्ये त्याचा फोन बरोबर काम करणाऱ्या सुताराच्या खिशात असे. सुताराने ऐकलं, रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "दवाखान्यातून आहे. वहिनी रक्त तपासायच्या रांगेत पडल्या." मग म्हणाला, "गेल्या रे."

त्याने दार पूर्ण केलं.

का केलं, ते त्याला सांगता आलं नसतं. हात चालत राहिला एवढंच. सुतार ओरडला, पुन्हा ओरडला, शेवटी दंडाला धरून त्याने ओढलं, तोवर खालचा कोपरा झाला होता. ही गोष्ट शेडबाहेर पडली आणि वाटेत वाढत गेली. आठवडा उलटायच्या आत सगळ्या इमारतीला ठाऊक झालं की बायको गेली तरी हा पॉलिश मारत बसला होता. बाकीचे पाठीमागे बोलले. मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, तोंडावर बोलली. तोंडावर बोलणारीचा राग माणसाला कमी यावा, पण त्याला तिचाच जास्त आला.

तेव्हापासून तो रागावलेलाच होता. एक गृहस्थ भेटायला आले आणि म्हणाले, "सुटली बिचारी." तो म्हणाला, "कोणापासून? माझ्यापासून?" गृहस्थांनी अर्धा चहा ठेवून चपला शोधल्या. दुसरे म्हणाले, काळ हेच औषध. तो म्हणाला, "मग बाटली देऊन जा, सकाळ-संध्याकाळ घेतो." हळूहळू माणसं यायची थांबली. त्याचाही त्याला राग आला.

मग शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या.

इमारतीत नोकरी करणाऱ्या आया पुष्कळ. सुट्टी लागली की मुलांचं काय करायचं हा दरवर्षीचा घोर. फार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने बाहेरच्या खोलीतलं टेबल मधोमध ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, पाठवा माझ्याकडे. टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं आणि त्यावर रंगीत कणकेचे गोळे. ही खायची कणीक नव्हे, खेळायची. मैदा, त्याच्या निम्मं मीठ, तेल, लिंबाचा रस, पाणी आणि रंग एकत्र करून ती मंद आचेवर ढवळत राहायची. भांड्याच्या कडा सोडून मधे गोळा झाला की काढून मळायची. मीठ एवढं की एकदा चाखून पाहिलं की मूल पुन्हा चाखत नसे. मुलं त्या कणकेचे साप करायची, कासवं करायची, गणिताच्या बाईंचं नाक करायची आणि मग ते ठोसा मारून चपटं करायची. आणि त्या कणकेला वास असायचा. फार छान वास असायचा. दुकानातली कणीक घरात असलेलं पोरही आजीच्या, म्हणजे तिच्या, कणकेसाठी धावत यायचं.

असं लोक सांगायचे. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. स्पिरिट आणि थिनरने त्याचं नाक कधीच निकामी केलं होतं. गॅस चालू राहिला तरी कळत नसे. सुतार म्हणायचा, "तुला नाक दिलंय ते चष्मा ठेवायला." बायको गोळा त्याच्या नाकाशी धरायची, "बघा आज कसा झालाय," म्हणायची. तो "मस्त" म्हणायचा. ती हसायची. हा त्यांचा नेहमीचा खेळ होता.

सुट्टीच्या आधी वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली. तिची दोन्ही जुळी मुलं दरवर्षी येत. ती म्हणाली, "काका, या वर्षी राहू दे. तुम्हाला कशाला त्रास? तुमची मेहुणीच म्हणतेय, मुलांना तिच्याकडे पाठवा."

"कोणी विचारलं तिला?"

"तसं नाही काका..."

"माझ्या घराला कुलूप लागलेलं नाही. टेबल आहे, खुर्च्या आहेत, मी आहे. मुलं इथेच येतील. तिची कणीक इथेच मिळेल, अगदी तशीच. सांगा सगळ्यांना."

बोलून गेला, आणि घरात येऊन दार लावल्यावर कळलं की आपण काय बोललो. कणीक कशी करतात ते त्याने हजारदा पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं.

पहिली कणीक हाताला अशी चिकटली की सुरीने खरवडून काढावी लागली. दुसरी खिडकीच्या काचा बसवायच्या लुकणासारखी झाली, पण तिथे त्याचं डोकं चाललं. लुकण कसं मऊ करायचं हे त्याला पाठ होतं. थोडं तेल, थोडी ऊब आणि भरपूर मळणं. तिसऱ्या खेपेला गोळा असा आला की त्याने स्वतःच त्याचा एक साप करून पाहिला. सुतार संध्याकाळी डोकावला, तर हा माणूस ओट्याशी उभा राहून मैद्याला बुक्क्या मारतोय.

"कोणाची कणीक तिंबतोयस एवढी?" सुतार म्हणाला.

"तू उभा राहा इथे, तुझीच तिंबतो."

"अरे वा. बोलायला लागलास म्हणजे बरा आहेस." सुताराने गोळा दाबून पाहिला. "झक्क झालाय. वास?"

तिथेच घोडं अडलं होतं. ओट्यावरच्या फळीवर तिच्या लहान लहान बाटल्या होत्या. कशाचा इसेन्स, कशाचं तेल, कुणास ठाऊक. एकीवरही चिठ्ठी नाही. तिला चिठ्ठीची गरजच नव्हती, बूच काढलं की कळायचं. तो त्या बाटल्यांकडे बघत राहिला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिला रागे भरावंसं वाटलं. एवढी शहाणी बाई, एक कागदाचा तुकडा चिकटवता आला नाही?

"मी बघू हुंगून?" सुतार म्हणाला.

"तुला काय कळतंय? तुला सागवान आणि बाभळीचा वास सारखाच."

"मग मेहुणीला विचार. तिला सगळं ठाऊक असेल."

"तिचं नाव काढू नकोस."

मग त्याने आपल्या परीने विचार केला. पाच-सहा बाटल्यांतली एक जवळजवळ रिकामी होती. बाकीच्या भरलेल्या. जी जास्त संपली तीच ती रोज वापरत असणार. शेडमध्येही असंच असतं, ज्या रंगाचा डबा तळाला गेला तोच चालणारा रंग. त्याने ती बाटली उचलली आणि चमचाभर ओतलं.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी मुलं आली. जुळी आली. भोंगा आला, ज्याचा आवाज खालच्या फाटकापर्यंत जायचा. आणि किल्ली आली. तिच्या गळ्यात कायम घराची किल्ली लोंबायची, कारण तिची आई संध्याकाळी उशिरा यायची. टेबलावर लाल, पिवळे, हिरवे गोळे होते. मुलं जरा बावचळून उभी राहिली. मग एकाने गोळा नाकाशी नेला. सगळ्यांनी नेला.

"आजीसारखा वास आहे," किल्ली हळूच म्हणाली.

"हो, आजीसारखा!" बाकीच्यांनी धरलं. "एकदम आजीसारखा!"

तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला कशाचाही राग आला नव्हता. त्या दिवशी त्याने भोंग्याला हत्ती करून दिला. सोंड पडली तर सुताराकडची बारीक खिळ्याची युक्ती वापरून ती पुन्हा बसवली. संध्याकाळी जिन्यात नर्स भेटली तर तोच आधी म्हणाला, "मुलांना विचारा, जमली की नाही." ती म्हणाली, "हो काका, अगदी तशीच, सांगत होती दोघं." आणि भराभर वर गेली.

दुसऱ्या सकाळी त्याने पुन्हा कणीक केली. बाटलीतलं उरलंसुरलं एका वाटीत काढून ठेवलं. तेवढ्यात सुताराचा फोन आला. कोणा गिऱ्हाइकाच्या टेबलाला पाण्याचे डाग पडले होते, त्यावर बोलणं लांबलं. फोन संपला तेव्हा मुलं दारात. त्याने घाईने गोळे मळले आणि टेबलावर टाकले.

"आजीसारखाच वास!" जुळी एका सुरात म्हणाली.

"सेम टू सेम!" भोंग्याने दणकावलं.

तो खुशीत प्यायचं पाणी आणायला आत गेला. आणि ओट्यावर वाटी दिसली. वाटीत काढलेलं सगळं वाटीतच होतं. थेंबभरही कमी नाही.

त्याने पाण्याचा तांब्या उचलला. मग बाहेर आला.

"कशाचा वास येतोय?"

"आजीचा," जुळी म्हणाली.

"आजीचा म्हणजे कशाचा? नीट हुंगा. गोड आहे? तिखट आहे? फुलाचा आहे, फळाचा आहे? बोला!"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आईने सांगितलंय... तसं म्हणायचं. आजोबांना बरं वाटतं."

"सगळ्यांच्या आयांनी सांगितलंय?"

माना हलल्या. किल्लीची हलली नाही, ती आपल्या गोळ्याकडे बघत होती. पण तेव्हा त्याचं तिच्याकडे लक्षच गेलं नाही.

त्याने तांब्या टेबलावर असा आपटला की पाणी सगळ्या कासवांवर सांडलं. "मी काय लहान पोर आहे? वेडा आहे? बरं वाटायला मला काय धाड भरलीय? जा घरी! सगळे घरी जा! आणि सांगा आपापल्या आयांना, म्हातारा बहिरा नाही, फक्त नाक नाही त्याला!"

जुळी रडत वर पळाली. भोंगा न रडता पळाला, त्याच्यामागून किल्ली. आणि उघड्या दारातून, हातात झाकलेलं जेवणाचं भांडं घेऊन, मेहुणी आत आली. ती रोज दुपारचं जेवण आणून देई. तो रोज कटकट करत ते खाई.

"खालपर्यंत ऐकू येतंय," ती म्हणाली. "पोरांवर कसले ओरडता?"

"तूच शिकवलंस ना सगळ्यांना? तुझंच डोकं आहे हे!"

"मी कशाला शिकवू? मला ठाऊकही नाही काय झालं ते." तिने भांडं ठेवलं, आत गेली, आणि वाटी उचलून हुंगली. तिचं तोंडच बदललं. "भाऊजी, हे काल कणकेत घातलंत?"

"घातलं. सगळ्यात जास्त तेच वापरत होती ती."

"गुडघ्यांना वापरत होती! निलगिरीचं तेल आहे हे. रोज रात्री चोळायची. पोरांनी तेच हात डोळ्यांना लावले असते म्हणजे? विचारता येत नाही एका शब्दाने?"

"तुला विचारायचं? तू मला दारात उभं करून बोललीस. बायको मेली तरी पॉलिश मारत होता म्हणालीस."

"म्हणाले. अजून म्हणेन. माझी बहीण तिकडे एकटी पडली होती आणि तुम्ही दार चकचकीत करत होता!"

"मला कळत नव्हतं मी काय करतोय!"

"मग तसं सांगायचं होतं. लोकांवर गुरगुरून काय मिळवलंत?" ती दमल्यासारखी खुर्चीत बसली, पण आवाज खाली आला नाही. "आणि आता ऐकाच. लोकांनी तुमच्याशी खोटं बोलायला आज सुरुवात नाही केली. ताई कणकेत वास का घालायला लागली, माहीत आहे? पहिल्या वर्षी वास नव्हता. साधी कणीक होती. एका बाईने आपला मुलगा परत नेला. म्हणाली, तुमच्या घरात थिनरचा भपका येतो, पोराचं डोकं दुखतं. या दिवाणाखाली तुमचे डबे. मागच्या गॅलरीत तुमचं घासकाम. सगळ्या घराला तो वास. कपड्यांना, उशांना. तेव्हापासून ती कणकेत वास घालायला लागली. भपका झाकायला."

तो दिवाणाकडे बघत राहिला. दिवाणाखाली स्पिरिटचे डबे होते, नेहमीसारखे ओळीने.

"मला का नाही सांगितलं?"

"मला म्हणाली, त्यांना वास येत नाही यातच ते अर्धे मेले आहेत, आणखी कशाला मारू? सांगू नकोस म्हणाली. नाही सांगितलं."

"म्हणजे तीही."

"तीही काय?"

"तीही या पोरांसारखीच. म्हाताऱ्याला बरं वाटू दे." तो तिच्याकडे वळला. "अगं, सांगायचं ना! डबे उचलून शेडमध्ये नेऊन ठेवायचे, काय डोंगर हलवायचा होता? एका सकाळचं काम! मी नाही म्हटलं असतं? कधी म्हटलं असतं? इतकी वर्षं माझ्या नाकाशी गोळा धरून 'बघा कसा झालाय' विचारत होती, आणि मी मस्त, मस्त म्हणतोय! हसायची ती! मला वाटायचं..."

काय वाटायचं ते त्याने सांगितलं नाही. मेहुणी उठली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणं कोरडं होतं. "कोणती बाटली कशाची, ती कुठला वास किती घालायची, मला सगळं ठाऊक आहे. विचारलंत तर सांगेन. येऊन करूनही देईन. पण आता मी आपण होऊन या दारात येणार नाही. जेवण उद्यापासून भोंग्याची आई देईल." आणि गेली.

त्या दुपारी त्याने डबे काढले. दिवाणाखालचे, गॅलरीतले, मोरीच्या कोपऱ्यातले. सुतार हातगाडी घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, "शेडचं छप्पर गळतं म्हणून तर घरी ठेवले होतेस ना?"

"मग छप्पर दुरुस्त करू. ते कोणाला सुचलं का इतकी वर्षं? तू सुतार कशाला झालास?"

"मला काय ठाऊक तुझ्या घरात वास येतो ते. मीही त्याच शेडमध्ये नाक घेऊन बसतो."

"येतो?"

सुताराने गाडीची दोरी आवळली. "यायचा," तो म्हणाला. "वहिनींनी शपथ घातली होती."

त्याने सुताराला एक शिवी दिली आणि सुताराने ती घेतली. दोघांनी मिळून गाडी ढकलली. मग त्याने खिडक्या उघडल्या, उशांचे अभ्रे काढले, फरशी धुतली, पुन्हा धुतली. भपका गेला की नाही हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. तो बायकोवर चिडून फरशी घासत राहिला. दोघांच्या संसारात एवढी मोठी गोष्ट तिने एकटीनेच वाहिली होती. कोणी आपलं ओझं न विचारता उचलावं आणि आपण मोकळ्या हाताने, शीळ घालत बरोबर चालावं, तसं त्याला वाटत होतं. वर तिने जगाला सांगितलं, त्याला कळू देऊ नका. आता भांडायचं कोणाशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वाटलं होतं, कोणी येणार नाही. पण आयांना कामावर जायचंच होतं. जुळी आली, जरा मागे मागे राहून. भोंगा आला. किल्ली सगळ्यांत शेवटी आली. टेबलावर ताजे गोळे होते.

"आज कशाचा वास आहे?" तो म्हणाला. "खरं सांगायचं. खोटं बोलणाऱ्याला गोळा नाही."

भोंग्याने बराच वेळ हुंगलं. "कशाचाच नाही."

"बरोबर. मी घातलाच नाही. घराला?"

"घराला साबणाचा येतो," एक जुळं म्हणालं. दुसरं म्हणालं, "आणि थोडा तो तुमचा."

"किती थोडा?"

"एवढा." त्याने कणकेचा एक छोटा तुकडा तोडून दाखवला.

मग मुलं कामाला लागली. किल्ली मात्र गोळा तसाच धरून बसली होती. तो शेजारी जाऊन बसला.

"तुला काय झालं?"

"मी खोटं नव्हते बोलले," ती म्हणाली. "आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. ती उशिरा येते. परवा खरंच आजीचा वास होता. कणकेचा नाही. आजीचा. मी तिच्या मांडीवर बसायची तेव्हा यायचा तो."

इतकी वर्षं ज्या बाईच्या शेजारी तो झोपला, तिला कसला वास होता हे या आठ वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला, आणि हेव्यामागून पुन्हा तो राग आला, पण ओरडायला समोर कोणी नव्हतं. फक्त एक मुलगी होती, आणि ती खरं बोलली होती.

"घालाल तो परत?" तिने विचारलं.

"तो नाही घालायचा. डोळ्याला लागतो. कणकेचा घालू, आजी घालायची तो."

"तो कुठला?"

"विचारून सांगतो."

सुट्टी आता अर्ध्यावर आली आहे. मुलं रोज येतात. शेडचं छप्पर झालं, निदान एका बाजूचं. भोंग्याची आई जेवण पाठवते, त्यात मीठ कमी असतं आणि तो तसं तिला सांगतो. फळीवरच्या बाटल्या पुसून ओळीत ठेवल्या आहेत. मेहुणीचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि मुलं घरी गेल्यावर शेडकडे जाताना तो रोज त्यावरूनच जातो. अजून आत गेलेला नाही. कणकेला वास घालायचा राहिला आहे.